न आलेल्या पाकिटांविषयी

(सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



सोमवारी सकाळी साडेसातला सरांचा संख्याशास्त्राचा तास असायचा. पावसाळ्यात निम्मी बाकं रिकामी असत. सर हजेरीपट उघडायचे, चष्म्यावरून वर्गाकडे बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "जे आले नाहीत त्यांनी हात वर करा." आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत. ते का हसत नाहीत हे कळायला मला पुढं दहा-बारा वर्षं लागली, आणि तेही परक्या मुलखात, पाकिटं फोडता फोडता.

आजचा विषय आहे टपालानं पाठवलेल्या आरोग्याच्या प्रश्नावल्या. त्या कोण भरून पाठवतं, कोण पाठवत नाही, आणि का. विषय लांबचा वाटेल. आपल्याकडे असं पाकीट कुणी पाठवत नाही. पाहणीवाली ताई वही किंवा टॅब घेऊन दारातच उभी राहते. पण तंबाखू, आहार, गर्भनिरोधक गोळ्या यांबद्दल आपले डॉक्टर आपल्याला जे सांगतात, त्यातला बराचसा भाग इंग्लंड-अमेरिकेत आणि युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत टपालानं गोळा झालेल्या उत्तरांवर उभा आहे. त्या ज्ञानावर आपले उपचार चालतात, तेव्हा ती उत्तरं नेमकी कुणाची होती हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे.

शिष्यवृत्तीवर मी दोन वर्षं इंग्लंडमधल्या एका शहरात होते. खोकला आणि दम लागणं यांविषयीची पाहणी चालू होती. नवखी म्हणून पाकिटं फोडायचं काम माझ्याकडे आलं. लांब टेबल, एक बोथट सुरी आणि तीन टोपल्या. पहिल्या आठवड्यातले कागद बघून जीव सुखावायचा. सुवाच्य अक्षर, एकही रकाना रिकामा नाही, वर समासात जास्तीची माहिती: कोणत्या साली सिगारेट सोडली, रोज किती मैल चालतो, कुत्र्याचं नाव काय. पहिलं स्मरणपत्र गेल्यावर जे कागद आले त्यांतलं अक्षर जरा घाईचं होतं. दुसऱ्या स्मरणपत्रानंतर आलेले कागद चुरगळलेले, एखाद्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ, 'धूम्रपान' या पानावर निम्मे रकाने कोरे. रोज संध्याकाळी आकडे वहीत चढवताना दिसायचं, की पाकीट जितकं उशिरा आलं तितके त्यात धूम्रपान करणारे जास्त. पुढं वाचनात आलं, की हा काही आमच्या टेबलापुरता योगायोग नव्हता. अनेक पाहण्यांत हेच आढळलेलं आहे. मग साहजिकच प्रश्न पडतो: जे उशिरासुद्धा आले नाहीत, त्या पाकिटांत काय असतं?

एक पाकीट अजून आठवतं. प्रश्नावली कोरी होती. सोबत चिठ्ठी, बाईच्या हाताची. नवरा पंधरा दिवसांपूर्वी दम लागून गेला, तो भरू शकला नाही म्हणून तिनं क्षमा मागितली होती. जबाबी पाकिटावर आम्ही तिकीट लावलेलं होतं, ते फुकट घालवणं तिला बरं वाटेना, म्हणून तिनं कोराच कागद परत पाठवला होता. आमच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली: 'प्रतिसाद नाही'. दम लागण्याची पाहणी, आणि दम लागून गेलेला माणूस 'प्रतिसाद नाही' या रकान्यात! सर का हसत नसत ते मला त्या दिवशी कळलं.

आता याच गोष्टीचं इतिहासातलं मोठं उदाहरण. १९५१ च्या ऑक्टोबरअखेर रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा संशोधकांनी ब्रिटनमधल्या नोंदणीकृत डॉक्टरांना एक अगदी छोटी प्रश्नावली पाठवली. तुम्ही ओढता का, पूर्वी ओढत होता का, किती ओढता, कधी सुरुवात केली, एवढंच. प्रश्न मुद्दाम थोडे ठेवले होते, कारण कामात बुडालेला डॉक्टर लांबलचक कागद बाजूला सारतो हे हिल ओळखून होते. ५९,६०० पत्रं गेली, ४० हजारांहून थोडी जास्त उपयोगी उत्तरं आली. म्हणजे तिघांतल्या दोघांनी उत्तर दिलं. मग कोण कशानं दगावतं याची नोंद ठेवत दोघं थांबले. १९५४ मध्ये पहिला निष्कर्ष छापला तेव्हा फुप्फुसाच्या कर्करोगाचे अवघे ३६ मृत्यू हाताशी होते, तरी सिगारेटकडे बोट रोखायला तेवढे पुरले. हा अभ्यास पुढं पन्नास वर्षं चालला.

पण मला त्यातलं एक कमी सांगितलं जाणारं पान उघडायचं आहे. डॉल आणि हिल यांनी उत्तर देणाऱ्या डॉक्टरांचा मृत्युदर सगळ्या डॉक्टरांच्या मृत्युदराशी ताडून पाहिला. दुसऱ्या वर्षी तो सगळ्यांच्या ६३ टक्केच होता. तिसऱ्या वर्षी ८५ टक्के. चौथ्यापासून दहाव्या वर्षापर्यंत सरासरी ९३ टक्के. या तीन आकड्यांत सगळी कहाणी आली. पाकीट दारात पडलं तेव्हा जे आधीच अंथरुणाला खिळले होते, त्यांनी ते उघडलंच नाही. ते दोन-तीन वर्षांत गेले, आणि फट बरीचशी बुजली. पण पूर्ण बुजली नाही. दहाव्या वर्षापर्यंतही उत्तर देणारा न देणाऱ्यापेक्षा थोडा अधिक टिकत होता. ही उरलेली फट एखाद्या आजारपणाची म्हणता येत नाही. कागद आला की भरून पाठवणाऱ्याच्या राहणीत असं काहीतरी असतं, जे त्याला जगवतंही. आणि हे कुणाच्या बाबतीत? डॉक्टरांच्या. सगळे शिकलेले, सगळ्यांच्या टेबलावर पेन, सगळ्यांना प्रश्न समजलेला. तिथं ही तऱ्हा, तर सर्वसाधारण माणसांत किती असेल!

ते 'किती' अलीकडे मोजलं गेलं आहे. यूके बायोबँक या प्रकल्पानं २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ९२ लाख लोकांना टपालानं बोलावणं धाडलं. इथं नुसता कागद भरायचा नव्हता, तपासणी केंद्रावर जायचं होतं. सुमारे पाच लाख लोक गेले, म्हणजे साडेपाच टक्के. नंतर अभ्यासकांनी या पाच लाखांची त्या देशाच्या सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली. आलेल्यांत बायका जास्त, वयानं मोठे जास्त, सुस्थितीतल्या वस्त्यांत राहणारे जास्त. लठ्ठ कमी, धूम्रपान करणारे कमी, रोज दारू घेणारे कमी. आणि ७० ते ७४ या वयातला मृत्युदर सर्वसाधारण लोकांपेक्षा पुरुषांत सुमारे ४६ टक्क्यांनी आणि स्त्रियांत ५५ टक्क्यांनी कमी.

पाच लाख हा आकडा भल्याभल्यांना गप्प करतो. एवढे लोक म्हटल्यावर चूक कशी राहील? इथं मला आपल्या मातीतल्या एका माणसाची आठवण करून द्यायची आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे. पिकाचा अंदाज घ्यायला शेतात ठरावीक मापाची जागा आखून तेवढंच पीक कापतात. जागा केवढी घ्यायची यावर सुखात्मे आणि दुसरे मोठे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात वाद होता. महालनोबिसांच्या पाहण्यांत छोटे तुकडे घेत. सुखात्म्यांनी १९४६ मध्ये दाखवून दिलं, की तुकडा लहान केला की उत्पन्न फुगून येतं. कारण साधं आहे. कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात असतो आणि हात ते आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी आतल्या पिकाच्या मानानं कड मोठी. असे तुकडे दहाऐवजी दहा हजार घेतले, तर चूक कमी होत नाही. चुकीबद्दलची खात्री तेवढी वाढते.

आपल्या बाजारातल्या भाषेत याला पासंग म्हणतात. तराजूत पासंग असेल तर एकदा तोला नाहीतर शंभरदा तोला, प्रत्येक वेळी ग्राहकाला तेवढंच कमी मिळणार. टपालाच्या पाहणीत कडेवरचं ताट स्वतःच ठरवतं आत यायचं की बाहेर राहायचं. पासंग तिथं आहे.

मग माणसं उत्तर देतात तरी का? याचा अभ्यास करणाऱ्यांत अमेरिकेतले डॉन डिलमन यांचं नाव मोठं. त्यांचं म्हणणं असं, की प्रश्नावली ही देवाणघेवाण आहे. माणूस मनात हिशेब करतो: मला यात काय पडतं, मला यातून काय मिळतं, आणि विचारणाऱ्यावर विश्वास ठेवावा का. इथं मिळणं म्हणजे पैसाच असं नाही. आपल्याला कुणीतरी महत्त्वाचं मानून विचारतंय, हेही मिळणंच.

हे तपासायला माणसांनी काय काय करून पाहिलं आहे! फिल एडवर्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अशा २९२ प्रयोगांचा आढावा छापला. पाकिटात पैसे ठेवले तर उत्तर येण्याच्या बाजूचं पारडं दुपटीनं जड होतं. उत्तर आल्यावर देऊ म्हणण्यापेक्षा आधीच देणं जास्त लागू पडतं. रंगीत शाईनं फरक पडतो. जबाबी पाकिटावर यंत्राच्या छापाऐवजी खरं तिकीट चिकटवलं तर उत्तरं वाढतात. आधी कळवून ठेवणं, नावानिशी लिहिणं, आठवण करणं, प्रश्न थोडे ठेवणं, सगळ्याचा उपयोग होतो. खाजगी, नाजूक प्रश्न घातले तर उत्तरं घटतात. मला यात नवल वाटलं नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी देतात, कामाचं मग विचारतात. आणि त्या विधवेला टेबलापाशी बसवून चिठ्ठी लिहायला लावलं ते एका न वापरलेल्या तिकिटानं.

संबंध जुळला तर माणसं कुठवर जातात याचं उदाहरण अमेरिकेतल्या परिचारिकांचं. १९७६ मध्ये अकरा राज्यांतल्या ३० ते ५५ वयाच्या विवाहित परिचारिकांना सुमारे १ लाख ७० हजार प्रश्नावल्या गेल्या. १ लाख २१ हजार ७०० जणींनी उत्तर दिलं, आणि पुढं दर दोन वर्षांनी येणारा कागद बहुतेकींनी दशकानुदशकं भरला. १९८० च्या दशकात त्यांच्याकडे पायाच्या नखांचे तुकडे मागितले, शरीरातल्या खनिजांची मात्रा बघायला. साठ हजारांहून जास्त बायकांनी नखं कापून पाकिटात घालून पाठवली! पगार नाही, बक्षीस नाही. पण विचारणारे आपल्याच क्षेत्रातले, प्रश्न आपल्या कामाचे, आणि मागच्या वेळी दिलेल्या उत्तराचं काय झालं ते कळत होतं.

उलट बाजूनं बघा. उत्तर न देणारा नेहमी बेफिकीर असतो असं नाही. टपालाची प्रश्नावली भरायला किती गोष्टी लागतात ते मोजा: ठरलेला पत्ता, वाचता येणं, तीच भाषा येणं, चष्मा, पेन, टेकायला जागा, निवांत अर्धा तास, आणि आपल्या उत्तरानं कुणाचं तरी भलं होईल हा विश्वास. भाड्याची खोली दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या तरुणाला पाकीट सापडतच नाही. दोन पाळ्या करणाऱ्याला अर्धा तास नसतो. सरकारी शिक्का बघून ज्याच्या पोटात गोळा येतो, तो पाकीट उघडतच नाही. लग्न झालेले पुरुष एकट्या पुरुषांपेक्षा जास्त उत्तरं देतात, त्यामागं पुष्कळदा बायकोच असावी, असं मला वाटतं. तिनं स्वतःचा कागद भरला की ती नवऱ्याचाही पुढं सरकवते.

इंग्लंडमधल्या त्याच शहरात एका मराठी कुटुंबाकडे माझं जाणं-येणं होतं. आमचीच प्रश्नावली त्या घरच्या आजींना आली होती. इंग्रजी येत नसल्यानं नातू भरायला बसला. "आजी, व्यायाम करतेस का गं?" "या वयात कसला रे व्यायाम?" नातवानं 'अजिबात नाही' वर खूण केली. आजी उठून पुन्हा ओट्याशी गेल्या. सकाळपासून त्यांनी दोन मजले झाडले होते, बाजारातून पिशव्या आणल्या होत्या आणि पंचवीस पोळ्या लाटल्या होत्या. आमच्या मोजणीत त्या 'प्रतिसाद देणाऱ्या' होत्या. पण उत्तर नातवाचं होतं, आणि प्रश्न ज्यानं लिहिला त्यानं पोळपाट पाहिलेला नव्हता. पाकीट परत आलं म्हणजे माणूस पोचला, असंही समजू नये.

इथं एक गुंता आहे, तो टाळून चालणार नाही. आजारी माणसं उत्तर देत नाहीत असं मी म्हटलं. पण पाठदुखीची पाहणी काढा, पाठ दुखणारे हौसेनं भरतात; ज्याची पाठ ठणठणीत तो म्हणतो, माझा काय संबंध? म्हणजे विषय जवळचा असला की थोडा आजारी माणूस पुढं येतो, आणि आजार फार झाला की मागं राहतो. एकाच पाहणीत दोन्ही बाजूंनी ओढ असते. पाहणीशास्त्राचे अभ्यासक रॉबर्ट ग्रोव्हज यांनी २००६ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा ताळा मांडून दाखवलं, की प्रतिसादाची टक्केवारी आणि चुकीचा आकार यांचं नातं फार सैल आहे. तीस टक्के उत्तरं आली म्हणून पाहणी टाकाऊ ठरत नाही, आणि ऐंशी टक्के आली म्हणून ती पवित्र होत नाही. न बोलण्याचं कारण आणि आपण विचारलेली गोष्ट यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे बघावं लागतं.

म्हणूनच डॉल आणि हिल यांचा निष्कर्ष टिकला. त्यांना देशातले किती टक्के डॉक्टर ओढतात हे सांगायचं नव्हतं. ओढणारे आणि न ओढणारे यांच्यात काय फरक पडतो हे सांगायचं होतं. दोन्ही गट उत्तर देणाऱ्यांतलेच. पासंग दोन्हीकडे सारखा असेल तर कोण जड, कोण हलका एवढं तरी कळतं. पण त्याच आकड्यांवरून 'देशात एवढे लोक आजारी' असं कुणी सांगू लागला, तर त्याच्या तराजूकडे नीट बघा.

आता घरी या. आपल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं काम मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतं. २०१९ ते २१ मधल्या पाचव्या फेरीत ६ लाख ३६ हजारांहून जास्त कुटुंबांची माहिती घेतली, आणि कुटुंबांचा प्रतिसाद होता ९८ टक्के. ब्रिटनमधल्या कुणालाही हा आकडा स्वप्नवत वाटेल. दारात उभ्या असलेल्या बाईला आपण 'नाही' म्हणत नाही, आत बोलावतो, पाणी देतो. पण बारीक बघा. बायकांचा प्रतिसाद ९७ टक्के, पुरुषांचा ९२. पुरुष घरी सापडत नाही. आणि ९८ टक्के हे कशातले? जे कुटुंब दीर्घकाळ घराबाहेर आहे, ते या भागाकारात धरतच नाहीत. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या गावांत कुलपं लागतात, माणसं कोयता घेऊन उसाच्या फडावर जातात. त्या दिवसांत तिथं पाहणी झाली, तर कुलूप लागलेलं घर 'नकार' म्हणून मोजलं जात नाही, 'होकार' म्हणूनही नाही. ते गणितातूनच उठून जातं.

आणि बंद दार गरिबाचंच असतं असंही नाही. १९९० च्या दशकात मुंबईत तंबाखूच्या परिणामांचा एक मोठा अभ्यास झाला. मतदारयाद्या घेऊन, घरोघर जाऊन लाखाहून जास्त माणसांना विचारलं. त्यात उच्चभ्रू इमारतींचे भाग वगळावे लागले. सुरक्षेच्या व्यवस्थेमुळे आत जाणंच मुश्कील होतं. ब्रिटनमध्ये गरिबाचं पाकीट परत येत नाही, मुंबईत श्रीमंताचा जिना चढू देत नाहीत. पद्धत बदलली की गप्प राहणारी माणसं बदलतात, गप्प कुणीतरी राहतंच.

मग करायचं काय? मॉरिस हॅन्सन आणि विल्यम हर्विट्झ या दोन अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी याला एक शहाणा उपाय सांगितला, तोही १९४६ मध्येच. आधी सगळ्यांना टपालानं विचारा. ते स्वस्त पडतं. ज्यांची उत्तरं आली नाहीत, त्यांतले थोडे चिठ्ठ्या टाकून निवडा आणि त्यांच्या घरी माणूस पाठवा. ते महाग पडेल, पण थोड्यांसाठीच करायचं आहे. ही थोडकी माणसं सगळ्या न बोललेल्यांच्या वतीनं बोलतील, आणि हिशेबात त्यांचं वजन त्या प्रमाणात धरा. आणखी दहा हजार पाकिटं टाकण्यापेक्षा न आलेल्या शंभर पाकिटांच्या मागं जाणं शहाणपणाचं. उत्तर युरोपातल्या देशांना दुसरी एक सोय आहे. तिथं प्रत्येकाचा नोंदक्रमांक रुग्णालयाच्या आणि मृत्यूच्या नोंदीला जोडलेला असतो, म्हणून उत्तर न देणाऱ्यांचं पुढं काय झालं ते कळतं. तिथं पुन्हा पुन्हा आढळलं ते हेच, की गप्प बसलेले लवकर जातात, आणि त्या मृत्यूंत दारूशी संबंधित मृत्यू जास्त असतात.

पाकिटांचं युग आता सरत चाललं आहे. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर 'आरोग्य पाहणी'ची लिंक येते, चाळीस जण भरतात आणि अहवालात छापून येतं, 'नव्वद टक्के रहिवासी रोज चालायला जातात.' तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा, जे दोन वर्षं खाली उतरलेले नाहीत, त्यांच्याकडे लिंक उघडणारा फोनच नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. संयोजकांनी तुमच्या खुर्च्यांवर अभिप्रायाचे कागद ठेवले आहेत. व्याख्यान कसं वाटलं, आवाज नीट येत होता का, खुर्च्या सोयीच्या होत्या का. कागद भरून तुम्ही दाराजवळच्या पेटीत टाकाल, आणि बहुतेक जण चांगलंच लिहाल, कारण तुम्ही शेवटपर्यंत बसला आहात. पण मघाशी परिचारिकांबद्दल बोलत होते तेव्हा मागच्या रांगेतले दोन आजोबा एकमेकांना हात देत उठून गेले. डावीकडच्या तीन खुर्च्या साडेसातच्या बसच्या वेळेला रिकाम्या झाल्या. त्यांचे कागद खुर्च्यांवर कोरे पडले आहेत. इथून मला दिसतात.

संयोजकांना माझी एवढीच विनंती आहे: पेटीतले कागद मोजायला घेण्याआधी आज अर्ध्यावर उठून गेलेल्यांपैकी चार-पाच जणांना उद्या फोन करा. व्याख्यानाबद्दल नका विचारू. पाठ दुखत होती का, आवाज पोचत नव्हता का, बस किती वाजताची होती, तेवढं विचारा. सरांना हजेरी अशीच घ्यायची होती.